माझी पाचर घरी होती

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी रंधा आहे. सौंदडला ताराचंद मिस्त्रींच्या पडवीत, खिडकीखालच्या फळीवर माझी जागा आहे. माझी गोष्ट मी जरा घाईने सांगतो आहे, कारण हुबेहूब माझ्यासारखे दिसणारे, माझीच कहाणी सांगून विकले गेलेले कितीतरी रंधे सध्या गावोगावी फिरत आहेत. त्यांतला एखादा खोक्यात बसून तुमच्याही घरी येईल. तो येण्याआधी मला ऐकून घ्या.

रंधा म्हणजे लाकूड गुळगुळीत करणारं हत्यार, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. माझ्या पोटात एक पोलादी पातं तिरकं बसतं. ते हलू नये म्हणून त्याच्यावर लाकडाची पाचर ठोकतात. पातं कापतं, पाचर त्याला धरून ठेवते आणि मी दोघांना घेऊन लाकडावरून धावतो.

मी कुठे ओतला गेलो, कोणी ओतलं, हे मला आठवत नाही. तुम्हाला तरी तुमचा पहिला दिवस कुठे आठवतो? मला समज आली तेव्हा मी गोंदियाच्या दुर्गाप्रसाद मिस्त्रींच्या हातात होतो. ते छोट्या रेल्वेच्या डब्यांची दारं आणि बाकं दुरुस्त करत. छोटी गाडी गेली, मोठे रूळ आले, दुर्गाप्रसादांचे हातही थरथरू लागले. मग १९९९ साली त्यांनी मला आपल्या शिष्याच्या, म्हणजे ताराचंदच्या ओंजळीत ठेवलं. ठेवण्याआधी माझ्यातली पाचर मात्र त्यांनी काढून घेतली.

"ये मेरी है," ते म्हणाले. "तुझी तू बनव. और सुन, रंधा किसी को देना हो तो दे, पाचर मत देना."

आमच्याकडच्या सुतारांची ती रीतच होती. रंधा मागायला कोणी आलं तर नाही म्हणायचं नाही, पण पाचर घरी ठेवायची. नेणाऱ्यानं आपल्यापुरती पाचर तासून घ्यावी. घरी उरलेली पाचर डोळ्यांसमोर राहिली की आपलं काहीतरी बाहेर गेलं आहे, याची आठवण राहते.

ताराचंदनं बिजाच्या कठीण लाकडाची पाचर केली. थोडी तासायची, घालून पाहायची, काढून पुन्हा थोडी तासायची, असं करत त्यानं ती बसवली. कडेवर घेतलेलं लेकरू आपली जागा आपणच शोधतं ना, तशी ती माझ्या कुशीत जाऊन बसली. त्यानंतर मला दुसऱ्या कोणाची पाचर कधी मानवली नाही.

ती माझी कामाची वर्षं होती. मी चौकटी रंधल्या, शाळेचे बाक रंधले, पाळणे रंधले. सागवानाचा वास मला आवडे, बाभळीनं माझा घाम काढला. ताराचंदची मुलगी अल्का माझ्या तोंडातून निघणाऱ्या लाकडाच्या पातळ गुंडाळ्या मनगटात घालून बांगड्या बांगड्या खेळायची. एकदा तिनं मला दोन्ही हातांनी उचललं आणि मी तिच्या हातून सुटून दगडी पायरीवर आपटलो. पुढच्या कोपऱ्याचा चिंचोक्याएवढा टवका उडाला. ताराचंद धावत आला. त्यानं आधी तिच्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावला नाही. कानशीनं टवक्याची धार तेवढी मारली.

"असू दे," तो म्हणाला. "आता हा कुठंबी गेला तरी वळखू येईल."

मित्रांनो, त्या एका वाक्याच्या भरवशावर मी पुढं किती निश्चिंत राहिलो, ते आठवलं की आजही माझं लोखंड गार पडतं.

मग विजेवर चालणारे रंधे आले. तयार दरवाजे टेम्पोतून येऊ लागले. माझ्यावर धूळ बसू लागली, तरी ताराचंद महिन्यातून एकदा मला तेल लावायचाच. अल्काचं लग्न झालं. तिचा नवरा पुण्याला कंपनीत, म्हणून ती लहानग्या भूमिकाला घेऊन बाबांजवळ राहत होती आणि बाबांबरोबर पाट, चौरंग, लहान पाळणे करत होती. हलक्या कामाला ती अजूनही मलाच उचलायची. भूमिका झोपली की काम सुरू, भूमिका उठली की मी फळीवर. असं आमचं चाललं होतं.

गावात सगळ्यांच्या हाती मोबाईल आले, त्या सुमारास एका दुपारी घनश्याम नावाचा माणूस आला. गोंदियाचा व्यापारी, जुन्या वस्तू घ्यायचा आणि मोबाईलवरून विकायचा. माणूस गोड होता. भूमिकाला त्यानं बिस्कीट दिलं, ताराचंदला वाकून नमस्कार केला. मला हातात घेतलं तेव्हा मात्र त्याचा अंगठा माझ्या मुठीवर गेला नाही. तो थेट त्या टवक्यावर गेला आणि तिथेच फिरत राहिला.

"मिस्त्री, हे विकता काय?"

"नाई जी. हा गुरूचा हाये."

"गुरूचा? वा. तो तो और अच्छा है. मग विकू नका. दोन-चार दिवस द्या. चांगले फोटो काढतो, नेटवर टाकतो. सौंदडचे ताराचंद मिस्त्री कोण, हे लोकायले समजू द्या ना."

"या वयात नाव करून का करू मी?"

"तुमच्यासाठी नाही तर नातीसाठी करा, काका."

ताराचंद हसला. मोबाईलमध्ये मला छातीशी धरून त्याचा फोटो निघाला. मी पहिल्यांदाच त्याला इतका ताठ बसलेला पाहत होतो. मग अल्कानं रीतीप्रमाणे माझी पाचर काढून घेतली आणि पाण्याच्या माठाशेजारच्या कोनाड्यात ठेवली. मी पात्यासकट एका पिशवीत गेलो. पिशवीत याआधी काय असायचं कोण जाणे, तिला जळक्या तेलाचा वास येत होता.

फोटो काढायला एवढं दूर कशाला न्यावं लागतं, असा विचार मी वाटभर करत होतो.

गोंदियाच्या बाहेर, एका बंद पडलेल्या भातगिरणीमागे घनश्यामची शेड होती. गिरणीचा कोंडा अजून ढिगानं पडलेला होता. शेडच्या मध्यभागी भट्टी होती. भट्टीवर काम करणाऱ्याचं नाव नंदलाल. तो फार बोलत नसे. त्यानं मला एका पेटीत ठेवलं, माझ्याभोवती ओली रेती दाबली, नाका-तोंडात रेती गेली, वरून प्रकाश गेला. मग मला अलगद उचललं. खाली रेतीत माझ्याच आकाराची एक पोकळी राहिली होती. अगदी मी, पण रिकामा. त्या पोकळीत नंदलालनं लाल, धगधगतं लोखंड ओतलं.

रेती फोडली तेव्हा आतून मी बाहेर आलो. म्हणजे मी बाजूच्या पाटावर पडून होतो, आणि तरी मी रेतीतून बाहेर येत होतो. त्याच्या पुढच्या कोपऱ्याला चिंचोक्याएवढा टवका होता.

जी जखम अल्काच्या हातून झाली, ती त्यानं न पडताच मिळवली होती.

नंदलाल त्याला आणि मला शेजारी ठेवून बघत राहिला. "सेठ, हा असलीपेक्षा थोडा बारीक हाये. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसते."

"अबे, फोटो में कौन नापता है," घनश्याम म्हणाला. "आणि हे असलं भंगार? ठोकलं तर फुटंल ना हे."

"फुटंल."

"विकल्यावर फुटू दे."

त्यानंतर मला रोज रेतीत दाबू लागले. नवे रंधे आधी करड्या रंगाचे, कोवळे दिसत. मग त्यांना तेजाबाच्या टाकीत बुडवत, मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कोंड्यात पुरून ठेवत. वर काढले की ते शंभर वर्षांचे म्हातारे झालेले असत. मुठीला धूर देत. एकदा फोटोत सगळे सारखे दिसावेत म्हणून मलाही त्या टाकीत बुडवलं. माझ्या अंगावरची ताराचंदच्या तेलाची वर्षानुवर्षांची साय एका बुडीत निघून गेली. आता मीही त्यांच्यासारखाच नारिंगी गंजलेला झालो. त्या क्षणापासून मला खरी भीती वाटू लागली.

घनश्यामनं त्यांतलाच एक उचलला, त्यात माझं पातं ठेवलं आणि म्हणाला, "हा सौंदडला देऊन येतो."

इकडे घरी काय झालं, ते मला नंतर अल्काच्या तोंडून कळलं. काम करताना ती स्वतःशी बोलते, तेव्हा सगळं कळतं.

घनश्याम परत आला, दोन गोड शब्द बोलला, रंधा देऊन गेला. "पाण्यात भिजला वाटते," गंज पाहून ताराचंद हळहळला. पुसून, तेल लावून त्यानं कोनाड्यातली पाचर आणली. पाचर बसेना. अर्ध्यावर जाऊन अडकू लागली.

"फुगली हे," ताराचंद म्हणाला आणि त्यानं ती तासायला पटाशी घेतली.

"बाबा, वैशाखात लाकूड फुगते का? आंगावरचं पाणी आंगावर वाळून राहिलं, अन् पाचर काऊन फुगंल?"

"माठापाशी ठेवली कोनं? तूच ना?"

"ठेवली मीच, पण..."

"मंग? लोखंड का आकसते का बाई? उभा जनम गेला माझा. हालते ते लाकूडच."

मित्रांनो, तो चुकला, आणि फक्त सुतारच चुकेल असा चुकला. पावसात दारं फुगतात, उन्हात फळ्या आकसतात, हे आयुष्यभर पाहिलेला माणूस लोखंडावर संशय घेणार तरी कसा? त्यानं पाचरीच्या कडेची पातळशी साल काढली. मग पाचर त्या परक्या रंध्यात गच्च बसली. पातं माझंच होतं, म्हणून लाकूडही नीट रंधलं गेलं. पण अल्का त्या रंध्यानं भूमिकासाठी पांगुळगाडा करायला बसे, तेव्हा दर वेळी तिला वाटायचं की आपण ओळखीच्या माणसाशी बोलतो आहोत आणि तो ओळख देत नाही.

मग एके सकाळी केशोरीहून खुशाल नावाचा तरुण सुतार फटफटीवर आला. त्याच्या उजव्या तळहाताला जाड पट्टी बांधलेली होती.

"ताराचंद मिस्त्री तुमीच का?"

"हो जी. जय भीम. बसा."

"बसाले नाई आलो मी." त्यानं पिशवीतून रंध्याचे दोन तुकडे काढून पडवीत ठेवले. "तुमच्या नावाचा रंधा मोबाईलवरून घेतला. तुमचा फोटो पाह्यला, म्हटलं म्हातारा माणूस हे, खोटं नाई बोलंल. दुसऱ्याच दिवशी तोंडापाशी मोडला अन् पातं हातात घुसलं. एवढ्या वयात लोकायले टोपी घालता, मिस्त्री?"

"म्या कोनाले नाई विकला," ताराचंद म्हणाला. "माझा रंधा माझ्या घरी हाये. अल्का, आन तो."

अल्कानं फळीवरचा रंधा आणून तुकड्यांशेजारी ठेवला.

"घ्या," खुशाल म्हणाला. "दोन्ही सारखेच. म्हंजे कारखाना घरीच हाये तुमचा. केशोरीत सांगतो सगळ्यायले, सौंदडच्या मिस्त्रीच्या हातची चौकट घेऊ नका म्हनून."

मोठी माणसं अशी बोलत असताना भूमिका रांगत, बसत तिथे आली. तिनं एका रंध्याच्या टवक्यात बोट घातलं. मग दुसऱ्याच्या टवक्यात घातलं.

"आई, बाऊ. इथंबी बाऊ."

अल्कानं वाकून पाहिलं. तोच कोपरा, तेवढाच टवका. त्यावर तिच्या बाबानं मारलेल्या कानशीचे ओरखडेसुद्धा तेच. दोन लेकरं धडपडतात, पण दोघांच्या गुडघ्याला एकाच जागी, एकाच आकाराचं खरचटत नाही. टाकेसुद्धा सारखे पडत नाहीत.

ताराचंदनं घरातला रंधा उचलून त्यावर नखानं टिचकी मारली. आवाज मडक्यासारखा बद्द आला. तो खाली बसला.

"हा माझा नाई. घनश्याम घेऊन गेला माझा, अन् मी लाकडावर आळ घेतला."

खुशालचा राग आता दुसरीकडे वळला. त्यानं तिथल्या तिथे घनश्यामला फोन लावून चार शिव्या दिल्या आणि "आता येऊनच राहिलो तुझ्याकडं," असंही सांगून टाकलं. अल्का त्याला खुणेनं नको म्हणत होती, पण बोलून झालं होतं.

तो फोन वाजला तेव्हा मी शेडमध्ये, सगळ्यांच्या ढिगात होतो. घनश्यामनं सगळं ऐकलं आणि फोन शांतपणे खिशात ठेवला. "नंदलाल, भट्टी तेज कर. हा सगळा माल गळव. एकही ठेवायचा नाही."

"असली पण?"

"कोणता असली आहे, सांगशील?"

नंदलालनं ढिगाकडे पाहिलं. त्याला सांगता आलं नाही. आम्ही सगळे एकाच रंगाचे, एकाच जखमेचे. मला ओरडून सांगावंसं वाटलं की मी आहे, हा मी. पण रंध्याला आवाज लाकडावरच असतो. नंदलाल एकेकाला ऐरणीवर ठेवून घणाचा घाव घाली, तुकडे होत, तुकडे भट्टीत जात. नकली रंधे एका घावात फुटत होते. ते फुटताना मला वाईटही वाटत होतं, कारण दर वेळी माझाच चेहरा फुटत होता.

ढीग निम्म्यावर आला असताना फटफटी थांबल्याचा आवाज आला. खुशालला आलेल्या खोक्यावरचा पत्ता शोधत अल्का आत आली. पदराच्या गाठीत माझी पाचर होती. खुशाल तिच्या मागे उभा राहिला.

"आमचा रंधा द्या," ती म्हणाली.

"ताई, कोणता तुमचा?" घनश्याम हसला. "बघून घ्या. सगळ्यांवर तुमचीच खूण आहे. फक्त जरा लवकर, भट्टी ताव में है."

अल्का ढिगापाशी बसली. तिनं पहिला रंधा उचलला, पाचर घातली. पाचर गच्च बसली, जशी घरी बसायची तशी. तिच्या चेहऱ्यावर उजेड आला. "हाच," ती म्हणाली आणि तो घेऊन उठलीसुद्धा.

मी तिच्या पायापाशी होतो. तिच्या पायाच्या बोटाला माझा कोपरा लागत होता, तोच, तिच्या हातून फुटलेला. आणि ती दुसऱ्याला पोटाशी धरून निघाली होती.

"ताई, अजून एकात घालून पाहा ना," खुशाल म्हणाला. त्याचा एकदा हात कापलेला होता.

तिनं दुसऱ्यात पाचर घातली. त्यातही गच्च. तिसऱ्यातही गच्च. घनश्याम आता मोठ्यानं हसत होता. नंदलालनं वाकून मला उचललं आणि ऐरणीवर ठेवलं.

अल्का पाचरीकडे पाहत होती. कडेला बाबांच्या पटाशीचा ताजा, फिकट कापा दिसत होता. वैशाखात फुगलेलं लाकूड. फुगलं नव्हतंच ते. बाबांनी खोट्या रंध्यासाठी खरी पाचर तासली होती. मग ही गच्च बसणार ती खोट्यातच.

"भाऊ, थांबा जरा. तो इकडं द्या."

घण वर गेलेला होता. नंदलालनं तो खांद्यावर टेकवला. घनश्यामनं त्याच्याकडे रोखून पाहिलं, पण नंदलालनं मला उचलून तिच्यापुढे केलं.

तिनं पाचर माझ्यात सोडली. ती घसरली, खडखडली आणि तळाशी जाऊन आडवी झाली. ढिली. अगदी एका सालीएवढी ढिली.

अल्कानं मला पदरात गुंडाळलं, भूमिकाला गुंडाळायची तसं. जाताना खुशालनं राहिलेल्यांतला एक रंधा उचलला आणि पुढे ठाण्यात नेऊन दाखवला. घनश्यामची शेड काही महिने बंद होती. मग तिथून कुठेतरी हलली, असं ऐकलं. कुठे, ते कोणाला माहीत नाही.

घरी ताराचंदनं मला तेल लावलं. गंज पुरता निघाला नाही. नवी पाचर करायचं अल्कानं सुचवलं, तर तो नको म्हणाला. त्यानं बिजाची पातळ चीप कापली आणि पाचरीशेजारी सरकवली. आज मी त्याच चिपेवर काम करतो. पांगुळगाडा माझ्यावरच पूर्ण झाला. खुशालनं केशोरीत खरं काय ते सांगितलं, तरी तिकडून येणारं एखादं गिऱ्हाईक अजून आधी ताराचंदच्या चेहऱ्याकडे पाहतं, मग चौकटीकडे.

आणि तो फोटो अजून मोबाईलवर आहे. छातीशी मला धरून हसणारा ताराचंद. अल्कानं कितीदा तक्रार केली, एका ठिकाणाहून निघतो, दुसरीकडे उगवतो. फोटोखाली नवं गाव, नवा व्यापारी, नवी कहाणी. कोणीतरी कुठेतरी रेती दाबतं आहे.

म्हणून सांगतो मित्रांनो, जुनं हत्यार घ्यायचं तर फोटोवर भाळू नका. हातात घेऊन बघा. खरा म्हातारा जिथं हात लागला तिथंच झिजतो, सगळीकडून सारखा नाही. त्याच्या गंजाला तेजाबाचा वास येत नाही आणि टिचकी मारली तर तो घंटेसारखा बोलतो. दोघांच्या अंगावर एकच जखम दिसली, तर दोघांपासूनही दूर व्हा आणि आधी तिसऱ्याला शोधा. तो कुठेतरी अंधारात, कोणाच्या तरी भट्टीशेजारी पडलेला असेल. त्याला बोलता येत नाही. तुम्हालाच विचारावं लागेल.

तुमच्या घरी कोणाचं जुनं हत्यार असेल, तर त्याला तेल लावा. मागायला कोणी आलं तर जरूर द्या. पण एक छोटीशी गोष्ट घरी ठेवा. आमच्याकडे रंधा बाहेर गेला की पाचर आता भूमिकाच्या मुठीत असते, आणि मी परत येईपर्यंत ती मूठ उघडत नाही.

मी आलो की ती स्वतः पाचर घालून बघते. खडखडली की म्हणते, "आपलाच हाये."

मग कुठे अल्का चीप सरकवते.